बांधकामाआधी उत्खनन: कोणत्या देशात कसं चालतं, पैसे कोण देतं, आणि नंतर खड्ड्याचं काय?

नकाशेकर

नमस्कार मंडळी. पुरातत्त्वीय वारशाच्या व्यवस्थापनावर वेगवेगळ्या देशांची तुलना करणारं एक टिपण तयार करतो आहे. कायदे वाचले, पण त्यांच्यावरून फारसा उलगडा होत नाही. कागदावर सगळीकडे वारसा मोलाचा आणि नुकसान करणाऱ्याला शिक्षा. प्रत्यक्षात मात्र एका देशात रस्ता होण्याआधी अख्खी वसाहत नोंदवली जाते आणि दुसऱ्यात ती डंपरमधून भरावाला जाते.

जाणकारांकडून तीन गोष्टी हव्या आहेत. बांधकामाच्या कोणत्या टप्प्यावर पुरातत्त्वज्ञ जागेवर येतो आणि खर्च कोणाचा? शेतात, खोदकामात सापडलेल्या वस्तूची मालकी कोणाची? आणि अवशेष न खणता जागेवरच ठेवायचे ठरले, तर ते बुजवायची नेमकी पद्धत काय? वर वाळू टाकली की झालं, असं बऱ्याच अहवालांत दिसतं. ते पुरेसं आहे का?

चाचणीचर

पहिल्या प्रश्नापुरतं सांगतो. आराखडा अजून बदलता येतो तेव्हा पुरातत्त्वज्ञ पोचला की जेसीबी लागल्यावर, यावर बहुतेक सगळं ठरतं. शिक्षेची कलमं किती कडक आहेत याला त्यामानाने कमी महत्त्व.

युरोपात यासाठी १९९२ चा व्हॅलेटा करार आहे. नगररचनेच्या प्रक्रियेत पुरातत्त्वज्ञांना सुरुवातीपासून स्थान द्या आणि पुरातत्त्वीय कामाचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात धरा, ही त्यातली दोन कलमं कामाची. अंमलबजावणी देशागणिक वेगळी. फ्रान्समध्ये २००१ च्या कायद्याने प्रतिबंधक (म्हणजे बांधकामाआधीच्या) उत्खननाची व्यवस्था उभी राहिली आणि २००२ पासून इनराप ही सरकारी संस्था काम करते. तिथे दोन पायऱ्या आहेत. आधी निदान, म्हणजे चाचणी चर. ते इनराप किंवा मान्यताप्राप्त स्थानिक संस्थेकडून होतं आणि त्याचा पैसा बांधकामांवरच्या खास करातून येतो. निदानात काही लागलं आणि सरकारने पूर्ण उत्खननाचा आदेश दिला, तर तो खर्च विकासकाचा. २००३ पासून या दुसऱ्या पायरीसाठी मान्यताप्राप्त खासगी संस्थाही निवडता येते. एखाद्या माणसाच्या स्वतःच्या घरासाठी किंवा सामाजिक गृहबांधणीसाठी राष्ट्रीय निधीतून मदत मिळते, नाहीतर साधा माणूस बुडालाच असता.

इंग्लंडमध्ये १९९० च्या नियोजन मार्गदर्शिकेपासून विकासकच पैसे देतो आणि तोच कंत्राटदार नेमतो. स्थानिक नियोजन कार्यालयाचा पुरातत्त्वज्ञ कामाचा लेखी आराखडा तपासतो आणि परवान्याला अट घालतो.

जपानमध्ये १९५० चा सांस्कृतिक मालमत्ता संरक्षण कायदा आहे. १९४९ मध्ये होर्यूजी मंदिरात आग लागून भित्तिचित्रं गेली, त्यानंतर तो आला. ज्ञात स्थळावर बांधकाम करायचं असेल तर ६० दिवस आधी कळवावं लागतं. साडेचार लाखांहून जास्त स्थळं नकाशावर आहेत, आणि प्राथमिक चाचणी बहुधा नगरपालिकेचं शिक्षण मंडळ करतं. पुढच्या उत्खननाचा खर्च विकासक उचलतो. कायद्यात तशी थेट सक्ती नाही, प्रशासकीय सूचनेच्या जोरावर हे चालतं आणि चांगलं चालतं.

अमेरिकेचं वेगळं. १९६६ च्या राष्ट्रीय ऐतिहासिक जतन कायद्याचं कलम १०६ फक्त तिथे लागतं जिथे केंद्राची जमीन, केंद्राचा पैसा किंवा केंद्राची परवानगी आहे. पूर्णपणे खासगी जमिनीवर खासगी पैशाने इमारत होत असेल तर केंद्राचा कायदा मध्ये येत नाही. राज्यांचे कायदे असतात, पण त्यांत फार तफावत आहे.

आता चाचणीचा आकडा, कारण टिपणात तो हवाच. इंग्लंडमध्ये बऱ्याचदा क्षेत्राच्या २ ते ५ टक्के चर घेतात, फ्रान्समध्ये ५ ते १०. दोन मीटर रुंदीचे समांतर चर धरले तर ५ टक्क्यांसाठी दोन चरांच्या मध्यरेषांत ४० मीटर अंतर पडतं. म्हणजे मधली ३८ मीटर जमीन आपण पाहिलेलीच नाही. तीस मीटर लांबरुंद दफनभूमी त्यात आरामात निसटते. १० टक्क्यांना हे अंतर २० मीटरवर येतं. सलग लांब चरांपेक्षा तुकड्यातुकड्यांचे, आलटून-पालटून मांडलेले चर चांगले. लांब खंदक, जुने बांध, रस्ते कमी टक्क्यांतही सापडतात. विखुरलेले खड्डे, थडगी आणि खांबांच्या खुणा सापडत नाहीत. “चाचणी घेतली, काही निघालं नाही” असं वाक्य अहवालात दिसलं की आधी टक्केवारी आणि चरांची मांडणी बघा.

यंत्राला दात नसलेली, सपाट कडेची बकेट लावायची. ५ ते १० सेंटीमीटरचे पातळ पापुद्रे काढत मागे सरकायचं, उघड्या झालेल्या पृष्ठभागावर चाक चढवायचं नाही. बकेटपुढे जाणता माणूस सतत उभा हवा. वरची काळी माती आणि खालची माती वेगळ्या ढिगांत टाका, म्हणजे चर बुजवताना शेताचा पोत जात नाही आणि जमीनमालक पुढच्या वेळी दार लावून घेत नाही. उन्हात पृष्ठभाग सुकला की खांबाच्या खड्ड्याची कड दिसेनाशी होते. पाण्याचा बारीक फवारा मारा आणि सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उजेडात पुन्हा पाहा. भर दुपारच्या फोटोंवर निर्णय घेऊ नका.

खापरी

वरचं सगळं बरोबर, एक भर घालते. नदीकाठच्या गाळाच्या जमिनीत नेहमीच्या खोलीचे चर फसवतात. दोन मीटर गाळाखाली वस्ती असेल तर मीटरभर खोल चराला ती लागणारच नाही. अमेरिकेत फावड्याने घेतलेले ३० ते ५० सेंटीमीटर व्यासाचे चाचणी खड्डे वापरतात, राज्याच्या नियमाप्रमाणे बहुतेक १५ ते ३० मीटर अंतराने, आणि माती पाव इंची जाळीतून चाळतात. पद्धत उथळ स्थळांना छान आहे, पूरमैदानात निरुपयोगी. तिथे आधी हाताच्या किंवा यांत्रिक गिरमिटाने मातीचे नमुने काढून गाळाची जाडी मोजावी, मग पायऱ्यापायऱ्यांचा खोल चर घ्यावा. सरळ उभ्या भिंतींच्या खोल चरात माणूस उतरवू नका. चर ढासळला तर बाहेर पडायला वेळ मिळत नाही.

भूभौतिक सर्वेक्षणाबद्दलही (न खणता, यंत्राने जमिनीखालचं पाहण्याबद्दलही) तेच. चुंबकीय मापन भट्ट्या, चुली, भरलेले खंदक छान दाखवतं, पण साधारण मीटरभर खोलीपर्यंत. लोखंडी कुंपण जवळ असेल, वरून वीजवाहिन्या जात असतील किंवा खाली बेसाल्ट असेल, तर नकाशात नुसता गोंगाट येतो. विद्युत रोध मोजायचा तर जमीन फार कोरडीही नको आणि चिखलही नको. “सर्वेक्षणात काही दिसलं नाही” आणि “तिथे काही नाही” या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निविदेत त्या एकच मानल्या जातात.

इंग्लंडच्या पद्धतीवर माझा आक्षेप नोंदवते. विकासकाने स्वतः कंत्राटदार निवडला की सर्वांत कमी दराची निविदा जिंकते, आणि कात्री कायम खणल्यानंतरच्या कामाला लागते. हाडं, परागकण, खापरांचा अभ्यास, कार्बन कालमापन या सगळ्यावर. यावर तोड म्हणजे स्थानिक पुरातत्त्वज्ञाचं पद भक्कम असणं. ते पद रिकामं राहिलं की परवान्याच्या अटी कागदावर राहतात.

गेरू

सापडलेल्या वस्तूंबद्दल. देशांचे ढोबळ तीन गट पडतात.

जमिनीखालचं सगळं सरकारचं, असं मानणारे देश बरेच आहेत. इटलीत सापडल्यापासून २४ तासांत कळवायचं, आणि शोधणाऱ्याला किमतीच्या चौथ्या हिश्शापर्यंत बक्षीस मिळू शकतं. इजिप्तने १९८३ च्या ११७ क्रमांकाच्या कायद्याने परदेशी उत्खनकांना वस्तूंचा वाटा देणं बऱ्याच अंशी बंद केलं. आयर्लंडमध्ये पुरावस्तू शोधण्यासाठी धातुशोधक यंत्र परवान्याशिवाय वापरताच येत नाही.

दुसऱ्या गटात काही ठरावीक वस्तूच सरकारच्या. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये १९९६ चा निधी (पुरलेला खजिना) कायदा आहे. ३०० वर्षांहून जुनी आणि किमान १० टक्के सोनं-चांदी असलेली वस्तू, एकत्र सापडलेली दोन किंवा जास्त सोन्या-चांदीची नाणी, हलक्या धातूची असतील तर किमान दहा. असं काही सापडलं तर १४ दिवसांत कॉरोनरकडे (चौकशी करणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्याकडे) नोंद. संग्रहालयाने वस्तू घेतली तर बक्षीस बहुधा शोधणारा आणि जमीनमालक वाटून घेतात. २०२३ पासून व्याख्या वाढवली. २०० वर्षांहून जुनी, धातू असलेली आणि विशेष महत्त्वाची वस्तूही आता त्यात येते. बाकीच्या वस्तूंची नोंद ऐच्छिक, तरी १५ लाखांहून जास्त नोंदी जमल्या आहेत. डेन्मार्कमध्ये यंत्राने शोधायला मोकळीक आहे, पण महत्त्वाची वस्तू राष्ट्रीय संग्रहालयाकडे द्यावीच लागते आणि तिचं बक्षीस मिळतं. लोक खरंच आणून देतात. स्कॉटलंडमध्ये कायदा निराळा, तिथे सगळे पुरातत्त्वीय शोध राजसत्तेचे.

तिसरा गट म्हणजे जमीनमालकाचं ते मालकाचं. अमेरिकेतली खासगी जमीन त्यात येते. मानवी अवशेषांना मात्र वेगळे नियम आहेत.

भारतात १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचा पुरलेला ऐवज सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. शिवाय १९७२ चा पुरावस्तू कायदा, त्यात वयाची अट १०० वर्षं आणि हस्तलिखितांसाठी ७५. निर्यात फक्त सरकारमार्फत.

नियम कोणताही असो, प्रत्यक्ष नुकसान पहिल्या तासात होतं. नांगरटीच्या मातीत, साधारण वरच्या २०-२५ सेंटीमीटरमध्ये सापडलेली वस्तू आधीच हललेली असते. तिची जागा १० मीटरपर्यंत अचूक नोंदवली तरी बरीच माहिती वाचते. नांगराच्या तळाखाली धातुशोधक यंत्राचा संकेत लागला तर थांबायचं. तिथे मडकं असेल तर त्याभोवतीचा खड्डा, तळाशी कापडाचे धागे, नाण्यांच्या चळती कशा रचल्या होत्या, ही सगळी माहिती त्या मातीत असते. माती परत झाकून ठेवा, फोटो आणि जागा नोंदवा, कळवा. धुऊ नका, घासू नका, लिंबू-चिंच तर अजिबात नाही. हिरव्या गंजाच्या थरातच कापडाचा किंवा चामड्याचा ठसा शिल्लक असू शकतो.

नकाशेकर

मनापासून आभार. चरांच्या अंतराचं गणित कुठल्याच अहवालात इतकं सरळ दिसलं नव्हतं. तिसऱ्या प्रश्नावर कोणी लिहील का? शिवाय एक उपप्रश्न: स्मारकाभोवतीची मोकळी पट्टी प्रत्येक देशात किती असते?

शाडू

बुजवण्याबद्दल लिहिते. वाळू टाकली की झालं, हे पुरेसं नाही. लाएटोली बघा. टांझानियातली सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वीची पाऊलवाट १९७८-७९ मध्ये उघडी केली आणि मग वाळू-माती घालून वर दगड रचून बुजवली. भराव चाळलेला नव्हता, त्यात बाभळीच्या कुळातल्या झाडांच्या बिया होत्या. भराव सैल, ओलावा धरणारा, वर दगडांचा आडोसा. रोपवाटिकाच तयार झाली. मुळं ठशांपर्यंत पोचली. नव्वदच्या दशकाच्या मध्यात गेटी संवर्धन संस्था आणि टांझानिया सरकारने ती पुन्हा उघडली, झाडं मारली, मुळं काढली आणि चाळलेल्या वाळूचे थर, पाणी झिरपू देणारं जिओटेक्स्टाइल (कृत्रिम धाग्यांचं कापड), मुळं रोखणारी तणनाशकयुक्त चादर, धूप थांबवणारी जाळी आणि शेवटी दगड अशा क्रमाने पुन्हा बुजवली. त्यानंतर उगवलेली रोपं उपटत राहण्याचं कामही ठरवून दिलं.

काम करताना क्रम असा ठेवावा. आधी पूर्ण नोंद: मोजमापं, फोटो, छायाचित्रमिती (फोटोंवरून मोजमाप) आणि कायम खुणांशी जोडलेल्या पातळ्या. मग मुळं, बिया, सैल माती साफ. त्यावर विणलेलं नसलेलं, पाणी जाऊ देणारं, मातीहून वेगळ्या रंगाचं जिओटेक्स्टाइल, जोडांवर किमान ३० सेंटीमीटर चढ. त्याचं मुख्य काम म्हणजे पुढच्या माणसाला “इथून खाली जुनं” हे कळणं. वर धुतलेली, मीठ आणि लोह कमी असलेली वाळू. खारी वाळू, चुना, सिमेंटचा राडारोडा यांपैकी काहीही नको. चुन्या-सिमेंटमुळे मातीचा सामू (pH) चढतो आणि परागकण टिकत नाहीत. पहिले ३० सेंटीमीटर हाताने पसरून हलके दाबावेत, कंपन देणारा रोलर त्यावर नको. मग मूळ माती, पाणी बाहेर जाईल असा हलका उतार, आणि उथळ मुळांचं गवत.

प्लॅस्टिकची सलग चादर घालू नये. तिच्या खालच्या बाजूला बाष्प जमतं आणि मुळं तो ओलावा शोधत चादरीच्या कडेने आडवी पसरतात.

क्षारयुक्त भिंती आणि मोझेक हा अपवाद लक्षात ठेवा. तिथे भराव पृष्ठभागाला घट्ट चिकटून बसायला हवा, म्हणजे पाणी भरावातून वर जाऊन वाळतं आणि क्षार भरावात स्फटिक होतात. मध्ये कापड किंवा पोकळी राहिली तर ते स्फटिक थेट विटेच्या तोंडाशी तयार होतात आणि वीट पापुद्र्यांनी सुटते. मोहेंजोदडोच्या विटांना हाच रोग आहे. सोडियम सल्फेट दमट हवेत पाणी शोषतं, कोरड्या हवेत सोडतं, आणि दर फेरीत विटेचा थोडा भाग पिठासारखा गळतो.

पाणथळ जागेचे नियम उलटे. तिथे लाकूड, चामडं, बिया टिकतात ते प्राणवायू पोचत नाही म्हणून. लंडनमधल्या रोझ थिएटर या शेक्सपिअरकालीन नाट्यगृहाचे अवशेष १९८९ मध्ये सापडले तेव्हा त्यावर जिओटेक्स्टाइल, लोह कमी असलेली वाळू, वाळूत पाणी सोडणारे झिरपे पाइप आणि वर आवरण दिलं, आणि पाण्याची पातळी व रसायनं मोजत राहिले. पाणी उतरलं तर काय होतं ते यॉर्कशरमधल्या स्टार कार या मध्याश्मयुगीन स्थळी दिसलं. निचऱ्यामुळे दलदलीत हवा शिरली, गंधकाची संयुगं ऑक्सिडाइझ होऊन आम्ल तयार झालं, हाडांतलं खनिज विरघळून ती मऊ पडली आणि लाकूड चेपलं. शेवटी, जे उरलंय ते जाण्याआधी खणून घ्या, असा निर्णय घ्यावा लागला. नॉर्वेत बर्गनच्या ब्रिगेन धक्क्याला शेजारच्या बांधकामासाठी जमिनीत ठोकलेल्या पत्र्याच्या भिंतीमुळे भूजल खाली गेलं, थर कुजू लागले आणि वरची लाकडी घरं खचू लागली. तिथे पाणी पुन्हा जमिनीत मुरवून पातळी वर आणावी लागली.

म्हणून “जागेवर जतन” असा शेरा मारताना सोबत निरीक्षण विहिरींची संख्या, पाण्याची किमान पातळी, कोण मोजणार आणि पातळी खाली गेली तर काय करणार हे लिहिलेलं हवं. खांबांच्या पायावर इमारत उभी करायची असेल तर खांब किती क्षेत्र खातात तेही मोजा. यॉर्क शहरात हे नुकसान ५ टक्क्यांच्या आत ठेवायचा दंडक आहे. पण खांब घुसताना बाजूचा थर ओढला जातो, त्यामुळे खरं नुकसान खांबाच्या व्यासाहून जास्त धरावं.

बुरूज

पट्टीचा प्रश्न. भारतात २०१० च्या दुरुस्तीनंतर केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित (बांधकामाला बंदी) आणि त्यापुढे २०० मीटर विनियमित (बांधकाम परवानगीनेच). डेन्मार्कमध्येही १०० मीटरची संरक्षण रेषा आहे, शिवाय स्मारकाला लागून २ मीटरच्या पट्ट्यात नांगरणी, खत, लागवड, धातुशोधक यंत्र सगळं बंद. नॉर्वेत नेहमीची पट्टी ५ मीटरच.

पण मीटरची तुलना करून निष्कर्ष काढू नका. नॉर्वेत १५३७ च्या आधीचं सगळं आपोआप संरक्षित आहे, सापडलेलं असो वा नसो. स्वीडनमध्ये ही मर्यादा १८५० आहे. भारतातले १०० मीटर फक्त अधिसूचित यादीला लागू. यादीबाहेरचं पांढरीचं (जुन्या वस्तीच्या मातीचं) टेकाड शेताला पसरायला उपसून नेलं तर तो नियम मध्ये येत नाही. प्रागैतिहासिक आणि आद्य ऐतिहासिक वसाहतींचं सर्वांत मोठं नुकसान इथेच होतं, आणि त्याबद्दल बोललं जातं फार कमी.

यादीतही नुसतं नाव असून भागत नाही. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१३ च्या अहवालात १,६५५ स्मारकांची प्रत्यक्ष पाहणी केली, त्यातली ९२ जागेवर नव्हती. टिपणात लिहा की स्थळाची नोंद एका बिंदूने न करता हद्दीच्या बहुभुजाने करावी, सोबत सर्व्हे क्रमांक आणि निर्देशांक प्रणालीचं नाव. भारताच्या जुन्या नकाशांतल्या एव्हरेस्ट प्रणालीचे निर्देशांक आजच्या जीपीएसच्या आकड्यांत तसेच मिसळले की बिंदू शेजारच्या शेतात जातो, आणि ना-हरकत दाखला त्या बिंदूवरूनच निघतो.

चाचणीचर

खापरी यांचा आक्षेप मान्य. खणल्यानंतरच्या कामाला खणण्याइतकाच, कधी जास्त खर्च येतो, हे अंदाजपत्रकात सुरुवातीलाच दिसायला हवं. अट एकाच वेळी पूर्ण झाली असं कधी मानू नका. तिचे टप्पे पाडा: क्षेत्रकाम संपलं की बांधकामाला मोकळीक, पण अट पूर्ण झाल्याचा दाखला अहवाल आणि वस्तूंचा संग्रह जमा झाल्यावरच.

संग्रह स्वीकारणारं संग्रहालय खणण्याआधी लेखी ठरलेलं हवं. लोखंड कोरडं ठेवायचं, हवाबंद पॉलिथिन डब्यात सिलिका जेलसह (ओलावा शोषणाऱ्या दाण्यांसह), सापेक्ष आर्द्रता १५ टक्क्यांच्या खाली. तांब्या-काशाला ३५ च्या खाली. शिसं लाकडी कपाटात नको, लाकडातून निघणाऱ्या आम्ल वाफांनी ते पांढरं पडून भुकटी होतं. ओलं लाकूड मात्र ओलंच, अंधारात, थंड. जेल बदलायची तारीख डब्यावर लिहा आणि ती कोण बदलणार त्याचं पदही लिहा. माणसाचं नाव नको, बदली झाली की डबा तसाच पडून राहतो.